ब्रेकर ‘उगाच’ पडतो तेव्हा

पावसाळ्यात मला येणाऱ्या फोनमध्ये एक वाक्य हमखास असतं: “ताई, काहीच चालू नाही, तरी मेन पडतो.” बरेच वायरमन हे ऐकून घेत नाहीत. घरमालकाने गिझर लावला असणार आणि आता सांगत नाही, असं धरून ते नवा ब्रेकर, म्हणजे दोष आला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवतात, पैसे घेतात आणि निघतात. दोन दिवसांनी तो नवाही पडतो. मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. काहीच चालू नसताना पडतो, म्हणजे ओव्हरलोड नाही. एक मोठी शक्यता फोनवरच बाद झाली. न कळणाऱ्या ट्रिपचं, म्हणजे ब्रेकर आपोआप पडण्याचं, कारण शोधण्याची माझी सगळी पद्धत यावरच उभी आहे: आधी नीट विचारायचं, मग मोजायचं, आणि स्क्रू ड्रायव्हरला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

मी भांडुपची. आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला, पुढे सुपरवायझरची परीक्षा दिली. गिरगावातल्या चाळी, परळ-लालबागच्या पुनर्विकासातल्या नव्या इमारती, साकीनाक्याचे गाळे, मुलुंडचे टॉवर अशी कामं करत आले. हे लिहिते आहे ते घरमालकांसाठी, सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी आणि या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी. पण हद्द आधीच सांगते. स्विच बंद-चालू करणं, प्लग काढणं, एमसीबी (एकेका सर्किटचा छोटा ब्रेकर) वर-खाली करणं आणि लिहून ठेवणं हे कुणीही करावं. डीबीचं, म्हणजे ब्रेकरच्या पेटीचं, झाकण उघडणं, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सोडवणं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावणं हे परवानाधारक माणसाचं काम. आणि जळका वास येतोय, ब्रेकर हाताला गरम लागतोय, स्विचबोर्डातून पाणी झिरपतंय, नळाला हात लावला की मुंग्या येतायत, यातलं काहीही असेल तर शोध नंतर. कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून मेन बंद करा आणि माणूस बोलवा.

नेमकं पडलं काय?

पहिला प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर दहातल्या निम्म्या लोकांना देता येत नाही. डीबीसमोर उभे राहा आणि कुठली दांडी खाली आहे ते बघा. जिच्या बाजूला ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं आणि अंगावर ३० मिलीअँपिअर छापलेलं असतं, ती आरसीसीबी. मुंबईत सगळे तिला ईएलसीबी म्हणतात, मीही तेच म्हणेन. ती फक्त गळती, म्हणजे वाट सोडून जमिनीत जाणारा करंट, ओळखते. ओव्हरलोडशी तिला काही देणंघेणं नसतं. ज्यांच्या अंगावर सी १०, सी १६ असं असतं ते एमसीबी; अक्षर म्हणजे जात, ती पुढे सांगते, आणि आकडा म्हणजे अँपिअर. ते जास्त करंट आणि शॉर्ट ओळखतात, गळती त्यांना दिसत नाही. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओही हल्ली बसवतात. काही जुन्या डीबीत सुरुवातीला एमसीबीसारखाच दिसणारा दोन पोलचा आयसोलेटर असतो. तो नुसता स्विच आहे, आपणहून कधीच पडत नाही. तो खाली दिसला तर कुणीतरी हाताने पाडला आहे.

डीबीतलं सगळं वर आहे आणि तरी घरात अंधार आहे, तर बहुधा खाली मीटर रूममधला ब्रेकर किंवा कटआउट (फ्यूज) गेला आहे. घरातला सी १६ शाबूत राहून खालचा सी ३२ पडला, तर लोकांना ते गूढ वाटतं. मोठा शॉर्ट झाला की करंट इतका चढतो की दोघांनाही एकदम झटका बसतो, आणि कोण आधी पडेल याची खात्री नसते. ब्रेकर बिघडलेला नसतो. घरात शॉर्ट झाला आहे, तिकडे बघा.

मग वेळ. दांडी वर करताक्षणी पडते, की वीस मिनिटांनी, की रात्री कधीतरी, की फक्त पावसात? यासाठी मी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून जाते. तारीख, वेळ, काय पडलं, त्या क्षणी काय सुरू होतं, पाऊस होता का, आणि इमारतीचा पंप चालू होता का. शेवटचा प्रश्न ऐकून लोक चकित होतात. पण आपल्याकडे पाणी ठरल्या वेळी येतं, त्या वेळी सोसायटीचे पंप सुरू होतात, त्याच तासाला घराघरात गिझर लागतात, आणि सकाळी सहा-सातच्या सुमाराला इमारतीच्या वायरिंगवर जो ताण असतो तो दिवसभरात परत येत नाही. कागदावर तीन-चार नोंदी झाल्या की बहुतेक वेळा कारण त्यातच दिसतं. दांडी वर करून बघायची ती एकदाच. शॉर्टवर पुन्हा पुन्हा वर केली तर ब्रेकरचे कॉन्टॅक्ट जळतात आणि तुमचा पुरावाही.

वीस मिनिटांनी पडतो

एमसीबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक बायमेटलची पट्टी, जी तापून वाकते. दुसरी चुंबकाची कॉइल, जी तत्क्षणी खेचते. उशिराने पडणं हे पट्टीचं काम.

मानकाप्रमाणे १६ अँपिअरच्या एमसीबीने १.१३ पटीला, म्हणजे साधारण १८ अँपिअरला, तासभर पडायचं नसतं, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपिअरच्या वर, तासाभरात पडायलाच हवं. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल, कधी नाही. आता एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत एकाच १६ च्या पॉवर सर्किटवर दीड टनाचा एसी सात-एक अँपिअर घेतो, दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ, आणि त्यात मायक्रोवेव्ह लागला की आणखी पाच. झाले एकवीस. हा घरमालक शपथेवर सांगतो की “हे सगळं रोज एकत्र चालतं, कालच पडला”, आणि ते खरं असतं. तो मधल्या पट्ट्यात राहतोय.

त्यातच उष्णता. एमसीबीचे आकडे ३० अंश सेल्सिअसला धरलेले असतात. मे महिन्यात, स्वयंपाकघराच्या दारावर, माळ्याच्या कप्प्यात कोंबलेल्या डीबीत, शेजारी-शेजारी सहा एमसीबी तापलेले असताना आतलं तापमान त्याहून कितीतरी वर जातं. मग १६ चा एमसीबी १६ अँपिअरही धरत नाही.

पण क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा धरून करंट मोजणारा) लावला, करंट नऊ-दहाच दिसतो, आणि तरी अर्ध्या तासाने पडतो, असं असेल तर सैल टर्मिनल शोधा. सैल स्क्रूवर उष्णता तयार होते, ती तांब्यातून सरळ बायमेटलपर्यंत पोचते आणि पट्टीला वाटतं की ओव्हरलोड आहे. लोड चालू ठेवून प्रत्येक एमसीबीच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधला मिलिव्होल्ट ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक फरक, मोजा. सारख्या रेटिंगच्या, सारखा करंट वाहणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा एकाचा ड्रॉप बराच जास्त आला, तर तोच. इन्फ्रारेड थर्मामीटरनेही हे दिसतं. सप्लाय बंद करून वायर काढली की तांबं काळं पडलेलं, इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेलं सापडतं. दोन चुका वारंवार दिसतात: वायर क्लॅम्पच्या आत न जाता मागच्या फटीत गेलेली, आणि मल्टिस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांची, वायर लग (टोकाला बसवायची धातूची टोपी) न लावता तशीच पिळून कोंबलेली. वरळी, वर्सोवा, गिरगाव चौपाटीच्या बाजूला खारी हवा यात भर घालते. तिथे पितळी लिंकवर, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीवर, हिरवट थर बघायला मिळतो. जळलेला भाग कापून, नवं टोक काढून, लग क्रिम्प करून, म्हणजे दाबून, घट्ट बसवा. एमसीबीचा जबडा काळा पडला असेल तर तोही बदला.

इथे मला एका गोष्टीवर ठामपणे बोलायचं आहे. “१६ चा पडतो ना, २५ चा टाका.” हे मी कुणाच्याही घरी करत नाही. एमसीबी उपकरणाचं रक्षण करायला नसतो, भिंतीतल्या वायरचं करायला असतो. आत दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची वायर आहे, जुन्या इमारतीत चारपाच वायरी एकाच पाइपात आहेत, आणि तुम्ही त्यावर पंचवीसचा पहारा ठेवलात, तर यापुढे आधी वायर तापेल, मग इन्सुलेशन वितळेल, आणि ब्रेकर शांत राहील. जास्त लोड हवा असेल तर वेगळं सर्किट ओढायचं. खर्च होतो, भिंत फुटते, तरी तेच करायचं.

चालू करताक्षणी पडतो

शॉर्ट भिंतीतच असेल तर सर्किटमधले सगळे प्लग काढूनही पडेल. मग वायर किंवा स्विचबोर्डात दोष आहे. प्लग काढल्यावर टिकला तर एकेक लावत जा. हे सगळ्यांना येतं, यावर फार लिहीत नाही.

गुंतागुंत होते ती सुरुवातीच्या झटक्याची. पंपाची मोटर डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना चालू करंटच्या सहा-सात पट घेते. दुकानात पन्नास-साठ एलईडी एकाच स्विचवर असले, तर प्रत्येकाच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर त्या एका क्षणी भरतो. बी जातीचा एमसीबी ३ ते ५ पटीला खटकन पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. म्हणजे मोटरवर बी लावला असेल तर तो पडणारच, आणि कधी पडेल कधी नाही हे व्होल्टेजच्या लाटेवर नेमक्या कुठल्या क्षणी स्विच लागला यावर ठरतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली आणि परत आली, तेव्हा मला आलेले फोन याच जातीचे होते: सगळे फ्रिज, एसी, पंप चालूच ठेवलेले, सप्लाय आला आणि सगळ्यांनी एकदम ओढलं. वीज गेली की मोठी उपकरणं बंद करावीत आणि आल्यावर एकेक लावावीत, याचं कारण हे.

सीच्या जागी डी लावण्याआधी मात्र एक हिशेब करा. डी १६ ला खात्रीने लगेच पडायला ३२० अँपिअर लागतात. २३० व्होल्टला तेवढा करंट वाहायचा तर जाण्या-येण्याच्या पूर्ण वाटेचा रोध ०.७२ ओहमच्या आत हवा. सी १६ ला १६० अँपिअर, म्हणजे १.४४ ओहमपर्यंत चालतं. चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत लांब, बारीक वायर गेली असेल तर रोध सहज एकच्या आसपास असतो. तिथे डी लावलात तर झटक्याने पडणं थांबेल, पण खऱ्या शॉर्टलाही तो पटकन पडणार नाही. लूप इम्पिडन्स, म्हणजे या पूर्ण वाटेचा रोध, मोजल्याशिवाय डी नको.

ईएलसीबी पडतो

सगळ्यात जास्त कोडी इथे आहेत, आणि सगळ्यात जास्त अन्यायही याच उपकरणावर होतो.

त्याचं काम साधं आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. फरक पडला म्हणजे तो करंट दुसऱ्या वाटेने, अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसातून, जमिनीत गेला. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी १५ पर्यंत पडायचा नाही आणि ३० ला पडायलाच हवा. म्हणजे २२ ला पडला तर तो बिघडलेला नाही. आणि इथेच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: गळत्यांची बेरीज होते. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, मोठा टीव्ही यांच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थिंगला जातो, कुठे अर्धा, कुठे दोन-तीन मिलीअँपिअर. घरभराचं मिळून बारा झालं, त्यात पावसाने भिंतीत पाच वाढवले, की एखाद्या निर्दोष मिक्सरच्या सुरुवातीला ईएलसीबी पडतो आणि दोष मिक्सरवर येतो. नेहमीची गळती रेटिंगच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे नऊच्या आत ठेवावी. त्यावर जात असेल तर घराचे दोन भाग करून दोन ईएलसीबी लावायचे.

शोधायला सुरुवात अशी. सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा. टिकला, तर एकेक एमसीबी वर करत जा आणि ज्याने पडेल ते सर्किट पकडा. मग त्या सर्किटचे सगळे प्लग काढा. प्लग काढा म्हणते, स्विच बंद करा म्हणत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात.

सगळे एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी पडतो, तेव्हा घरमालक तर सोडाच, वायरमनही म्हणतात की ईएलसीबी खराब आहे. बदलायच्या आधी थांबा. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. भिंतीत कुठे न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर तो एमसीबी खाली असतानाही टेकलेलाच असतो. इमारतीच्या रायझरमधल्या, म्हणजे मजल्यांवर चढणाऱ्या मुख्य वायरिंगमधल्या, न्यूट्रलवर सगळ्यांच्या लोडमुळे अर्थच्या तुलनेत एक-दोन व्होल्ट असतात. तेवढे त्या टेकलेल्या जागेतून करंट ढकलायला पुरतात. म्हणून काही घरांत ईएलसीबी बरोबर संध्याकाळी सातनंतर पडतो: शेजाऱ्यांचा लोड वाढतो आणि तुमचा दोष उघडा पडतो. याची परीक्षा अशी की सप्लाय बंद करून ईएलसीबीच्या बाहेर जाणारे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवायचे आणि तो एकटा वर करून बघायचा. एकटा टिकला तर तो चांगला आहे. पुन्हा सप्लाय बंद करून न्यूट्रल लिंकवरची एकेक वायर सुटी करत, प्रत्येकीला अर्थशी मेगरने तपासलं की दोषी सर्किट सापडतं.

जोडी फ्लॅटची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मुंबईत ती फार आढळते. शेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत काढतात, मीटर दोन, डीबी दोन, आणि इंटिरिअरचं काम करताना कुणीतरी हॉलच्या नव्या फॉल्स सीलिंगला फेज एका डीबीतून आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या डीबीतून देतो. दिवे लागतात, सगळं छान दिसतं. पण एका ईएलसीबीतून करंट जातो आणि परत येत नाही, दुसऱ्यात न जाताच परत येतो. तो एक स्विच लावला की दोन्ही ईएलसीबी एकदम पडतात. दोन ईएलसीबी एकाच क्षणी पडले की मी गळती शोधत नाही, न्यूट्रल शोधते. इन्व्हर्टर बसवल्यानंतर सुरू झालेल्या ट्रिपचंही बहुधा हेच मूळ असतं.

मोजायची साधनं दोन. लीकेज क्लॅम्प मीटर, जो मिलीअँपिअर दाखवतो: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात घ्या, जे दिसेल ती गळती. साध्या क्लॅम्पला एवढं बारीक दिसत नाही. दुसरा मेगर, ५०० व्होल्टचा. सप्लाय बंद, सगळी उपकरणं काढलेली, फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजायचं. किमान एक मेगओहम हवा; निरोगी वायरिंगला याच्या कितीतरी पट येतो, म्हणून १.२ आला की “पास झाला” म्हणून मी समाधान मानत नाही. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी ड्रायव्हर आणि डीबीतला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारा) आधी वेगळे करा, नाहीतर रीडिंगही चुकेल आणि ते जळतीलही.

आणि पावसाची ट्रिप पावसातच मोजा. सकाळी सरी येऊन गेल्या, ईएलसीबी पडला, तुम्ही दुपारी तीनला उन्हात पोचलात, तर मेगर ठणठणीत दाखवेल. ओल कुठून येते ते मी ठरल्या क्रमाने बघते: एसीच्या आउटडोअर युनिटचं कनेक्शन, बाल्कनी आणि खिडकीच्या ग्रिलवरचे दिवे, दाराबाहेरची बेल, वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचा आपला सीलिंग पॉइंट, आणि शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्चीतून उतरणारे पाइप. स्लॅबमधल्या पाइपात पाणी साठतं आणि उतरत उतरत ते ज्या जंक्शन बॉक्समध्ये जोड असतो तिथे थांबतं. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड तिथे गळतो. टेप बदलून उपयोग नाही. जोड काढून अखंड वायर ओढा, आणि सेक्रेटरींना लेखी कळवा की वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय दोष परत येईल. गणपतीत लावलेली तोरणं गॅलरीत तशीच राहून गेलेली असतात, तीही बघा.

उपकरणांपैकी दोन फसवी आहेत. गिझरचं एलिमेंट थंड असताना मेगरवर चांगलं दाखवतं, तापलं की बारीक चीर उघडते आणि पाणी आत शिरतं. म्हणून गिझर पूर्ण गरम करायचा, लगेच सप्लाय तोडून गरम असतानाच मोजायचं. जिथे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे क्षार बसून एलिमेंट लवकर जातात. दुसरा फ्रिज. गिरगावात एका आजींकडे ईएलसीबी रात्री-अपरात्री पडायचा, कधी एकला, कधी पहाटे पाचला, घरात एक दिवाही चालू नसताना. दूध नासायचं, आणि त्या झोपेतून उठून अंधारात स्टुलावर चढायच्या. कागदावरच्या वेळा बघितल्या तर प्रत्येक दोन ट्रिपमध्ये काही तासांचं अंतर होतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर काही तास चालला की बर्फ वितळवायला हीटर आपोआप लागतो. त्या हीटरमध्ये ओल गेली होती. नुसता प्लग मेगर करून हे सापडत नाही, कारण तेव्हा टायमरने हीटर तोडलेला असतो. फ्रिजच्या अर्थ वायरवर लीकेज क्लॅम्प लावून, कमाल आकडा धरून ठेवायचं बटण दाबून रात्रभर सोडला, आणि सकाळी आकडा मिळाला. हीटर बदलला, ट्रिप थांबली.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते सांगते. “ईएलसीबी त्रास देतो, बायपास करून टाका.” “शंभर मिलीअँपिअरचा लावा, पडणार नाही.” “अर्थची वायर काढली की बंद होईल.” तिन्ही उपायांनी ट्रिप खरंच थांबते, आणि म्हणूनच ते भयंकर आहेत. तीस हा आकडा माणसाच्या हृदयाकडे बघून ठरवलेला आहे. त्याच्या वर करंट अंगातून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलीअँपिअरला ईएलसीबी जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांत तोडतो, पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांत. शंभर आणि तीनशेचे ईएलसीबी आगीपासून वाचवायला असतात, ओल्या अंगाने गिझरला हात लागलेल्या पोराला वाचवायला नाही. ज्या घरात मला बायपास सापडतो, तिथे तो काढल्याशिवाय मी दुसरं कुठलंही काम हातात घेत नाही.

सोसायटीचं पॅनल

इथे एमसीसीबी आणि काही ठिकाणी एसीबी असतात, म्हणजे जास्त करंटचे मोठे ब्रेकर. एमसीसीबी ट्रिप झाला की दांडी मध्येच थांबते; वर करण्याआधी ती पूर्ण खाली दाबून रिसेट करावी लागते, हे माहीत नसल्याने “वरच होत नाही” म्हणून बदललेले चांगले ब्रेकर मी पाहिले आहेत. इलेक्ट्रॉनिक रिलीज (ब्रेकर पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असेल तर त्यावर ओव्हरलोड, शॉर्ट, अर्थ फॉल्ट अशी वेगवेगळी खूण लागते. रिसेट करण्याआधी तिचा फोटो काढा. वॉचमन आधी रिसेट करतो आणि मग फोन करतो, त्यामुळे मी गेल्यावर काहीच उरलेलं नसतं. म्हणून ही सूचना मोठ्या अक्षरांत पॅनलवरच लावलेली बरी.

कुठलीच खूण नाही आणि तरी ब्रेकर पडला, तर त्याला आतून नव्हे, बाहेरून कुणीतरी पाडलं. अंडरव्होल्टेज कॉइल, म्हणजे व्होल्टेज कमी झालं की ब्रेकर पाडणारी, असेल तर व्होल्टेज सत्तर टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती कधीही सोडू शकते. जवळच्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, व्होल्टेज क्षणभर पडलं तरी पुरतं. शंट ट्रिपला, म्हणजे बाहेरच्या इशाऱ्यावर ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलला, फायर पॅनलची वायर जोडलेली असते. तिथला ओलसर डिटेक्टर किंवा उंदराने कुरतडलेली कंट्रोल वायर पूर्ण विंग अंधारात टाकू शकते. जनरेटरच्या चेंजओव्हरचा इंटरलॉकही (दोन्ही सप्लाय एकदम लागू न देणारी अडवणूक) तपासा. लिफ्टला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असेल तर त्याची फिल्टर गळती मुळातच जास्त असते. लिफ्टला घरगुती ३० मिलीअँपिअरच्या ईएलसीबीमागे ठेवू नका, ड्राइव्ह बनवणाऱ्याने सांगितलेल्या जातीचा आणि रेटिंगचाच लावा.

एक लक्षण दिसलं की सगळं सोडून धावायचं. काही घरांत दिवे अचानक प्रखर, काहींत मंद, आणि कुठे कुठे ब्रेकर किंवा सर्ज प्रोटेक्टर उडतायत. याचा अर्थ इमारतीचा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला. तीन फेजमधला तोल गेला की काही घरांवर तीनशेच्या वर व्होल्ट चढतात. सगळ्यांना मेन बंद करायला सांगा आणि वीज कंपनीला कळवा: शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. मीटरच्या आधीच्या भागाला सील असतं, तिथे आपण हात लावायचा नाही.

तळमजल्याच्या मीटर रूमबद्दल आणखी एक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा नाही, तरी गुडघाभर पाणी आजही सखल भागात शिरतं. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि ईएलसीबी पंख्याखाली वाळवून परत लावू नका. आत गाळ आणि मीठ राहतं. ते नंतर महिनोन्‌महिने कारणाशिवाय पडत राहतात, किंवा गरज असताना पडतच नाहीत.

गाळे, कारखाने, ११ केव्ही

साकीनाका-अंधेरीकडे ११ केव्हीवर (११ हजार व्होल्ट) सप्लाय घेणारे, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेले ग्राहक आहेत. तिथे ब्रेकरला रिले (दोष ओळखणारं वेगळं उपकरण) सांगतो तेव्हा तो पडतो, म्हणून आधी रिले वाचायचा. जास्त करंटला लगेच पाडणारा ५० की उशिराने पाडणारा ५१, की अर्थ फॉल्टचा ५१एन, कुठल्या फेजची खूण, रिसेट करेपर्यंत ब्रेकर लागू न देणारा ८६ लॉकआउट आहे का. नोंद झाल्याशिवाय काहीही रिसेट नाही, आणि डिजिटल रिले असेल तर इव्हेंटची फाइल आधी उतरवून घ्या. ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच कधी पडतो, कधी नाही, असं असेल तर इनरशची शंका घ्या: पहिल्या काही क्षणांत तो पूर्ण लोडच्या आठ ते बारा पट करंट ओढू शकतो, आणि किती ओढेल हे स्विच लागण्याच्या क्षणावर असतं. रेकॉर्डमध्ये दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेची लाट, भरपूर दिसला तर तेच. सेटिंग जाणकाराकडून तपासा. बकहोल्झने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात तयार झालेला वायू ओळखणाऱ्या रिलेने, पाडला असेल तर मात्र तपासणीशिवाय परत चार्ज करायचा विचारही करू नका. रिलेवर एकही खूण नसेल तर डीसी बॅटरी, ट्रिप सर्किटमधली डीसी वायर कुठे अर्थला टेकली आहे का आणि सीटीचे (रिलेला करंट दाखवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) सैल जोड, या क्रमाने जा.

ब्रेकरच खराब आहे का?

असतो कधी कधी. पण त्याचा नंबर शेवटी. सप्लाय बंद करून त्याच रेटिंगच्या, त्याच जातीच्या शेजारच्या एमसीबीशी अदलाबदल करा. ट्रिप ब्रेकरबरोबर गेली तर ब्रेकर खराब, सर्किटबरोबर राहिली तर सर्किट. ईएलसीबीसाठी टेस्टर मिळतो, जो गळती हळूहळू वाढवत नेतो आणि किती मिलीअँपिअरला पडला ते दाखवतो. बारा-तेरालाच पडत असेल तर बदला; तीसच्या पुढे गेला तर त्याच दिवशी बदला. ‘टी’ बटण मात्र दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने दाबावं. दाबूनही पडत नसेल तर तो ईएलसीबी भिंतीवर नुसता टांगलेला आहे.

काम झाल्यावर मी प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंग आणि एकूण गळती तारखेसह डीबीच्या दारामागच्या त्याच कागदावर लिहिते, प्रत्येक एमसीबीखाली खोलीचं नाव चिकटवते, आणि ट्रिप पावसाची असेल तर पुढच्या मोठ्या पावसात गळती पुन्हा मोजायला येते. ती नऊच्या आत असेल तरच काम पूर्ण झालं असं धरते.